अण्णांच्या अमिगावरचं ‘शुभविवाह’ कॅमेऱ्याच्या चित्रावर बसंना. जेनलॉकमधलं कुणाला कळतं का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. सामान जुनं आहे आणि तारीख जवळ आलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे अण्णा लातूरजवळच्या मुरूडला लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करायचे. आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो टायटलसाठीच. कमोडोर अमिगा ५००, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला, आणि सोबत जेनलॉकची एक राखाडी डबी. कॉम्प्युटरच्या चित्राचा ताल कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवून एकावर दुसरं बसवते ती जेनलॉक. डबीवरचं नाव कधीच पुसून गेलंय. अण्णांकडं मराठी फॉन्ट नव्हता. म्हणून ‘शुभविवाह’ हा शब्द त्यांनी डिलक्स पेंटमध्ये माऊसनं ठिपका ठिपका ठेवून काढला. आई सांगते, सात रात्री लागल्या. ‘श’च्या गाठीत मोगऱ्याची कळी आहे आणि ‘ह’ची शेपटी खाली वळून दोन्ही बाजूंनी वेल होते. आमच्या भागात ज्यांची लग्नं त्या काळात झाली त्यांच्या कॅसेटवर हेच टायटल आहे. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर तिकडच्या काही घरांनी लग्नाच्या कॅसेटची कॉपी मागितली, कारण पडलेल्या वाड्याचं चित्र फक्त तेवढंच उरलं होतं. अण्णांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. ते टायटल बघितलं की मला हे सगळं आठवतं.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. तुळशीचं लग्न झालं की धाकट्या बहिणीचं लग्न आहे. पूर्वी अण्णा मांडवात टीव्ही लावायचे, म्हणजे मागं बसलेल्या बायकांना विधी दिसावेत. कॅमेऱ्याचं चालू चित्र आणि त्यावर हे टायटल हळूहळू उमटायचं. दुसऱ्यांच्या लेकींच्या मांडवात त्यांनी ते कितीदा लावलं. त्यांच्या लेकीच्या हळदीला तेच मशीन, तीच डबी, तेच टायटल लावायचं आहे मला.

मशीन चालू झालं. वर्कबेंच १.३, म्हणजे अमिगाचा सुरुवातीचा पडदा, आला, फ्लॉपी वाचली. अण्णांच्या व्हीसीआरला डबी जोडून एक जुनी कॅसेट लावली तर टायटल बसलं. वरच्या बाजूला मात्र चित्र वाऱ्यातल्या ज्वारीसारखं एका अंगाला वाकतं. मग आजचा कॅमेरा जोडला. त्याला एचडीएमआय आहे, म्हणून एचडीएमआयचं एव्ही करणारी छोटी डबी आणली. तिथं मात्र काहीच जमंना. आडवं धरल्यासारखं वाटतं, पण उभं पळत राहतं, थांबायचं नावच नाही. एकदा चालू असतानाच कॅमेऱ्याची वायर काढली, तर अमिगा जागेवर गोठला. माऊस हलंना, बंद करून परत चालू करावा लागला.

दुसरी पाटी मी स्वतः काढली, दोघांच्या नावांची. तिची शिरोरेषा सारखी थरथरायली. आणि अक्षरांना मी काळी सावली दिली, तर सावलीच्या जागी काळं येण्याऐवजी मागचं कॅमेऱ्याचं चित्र दिसायलंय. अण्णांच्या अक्षरांना असं काही होत नाही. त्यांनी वेगळं काय केलं होतं?

गुलमंडी

अक्षरांबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी छत्रपती संभाजीनगरला जुनी मशीन दुरुस्त करतो.

खरं तर आज जेनलॉकशिवाय हे काम सहज होतं. लॅपटॉपवर ओबीएस हे चित्रं एकत्र करायचं सॉफ्टवेअर टाका, एका कॅप्चर कार्डातून (बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये आणणारी डबी) कॅमेरा घ्या, दुसऱ्यातून अमिगा, आणि अमिगाच्या चित्रातला मागचा सपाट रंग ओबीएसमध्ये काढून टाका. दोन्ही चित्रं आधी लॅपटॉपच्या मेमरीत उतरतात आणि तिथंच एकमेकांवर बसतात, त्यामुळे ताल जुळवायची भानगड उरत नाही. फक्त अमिगाचं चित्र त्याच्या मागच्या गोल व्हिडिओ जॅकमधून घेऊ नका. ५०० मॉडेलला तो जॅक फक्त काळंपांढरं चित्र देतो. जेनलॉकच्या आउटमधून घ्या, रंग तिथं मिळतील.

आणि सगळ्यात आधी त्या फ्लॉपीची प्रत काढा. साध्या पीसीला एरवी अमिगाची फ्लॉपी वाचता येत नाही. माझ्याकडे ग्रीसवीझल आहे, फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडणारं छोटं बोर्ड, त्याने निघते.

मांजराकाठ

गुलमंडी दादा, ओबीएस मला येतं. हाताशी म्हणून तेही तयार ठेवीन. पण मला मांडवात ते मशीन चालू हवंय. डबीवर एक सरकपट्टी आहे, ती अण्णा अंगठ्यानं वर न्यायचे आणि टायटल उमटायचं. ती पट्टी आईनं सरकवावी अशी इच्छा आहे.

वजिराबादचं मिक्सिंग

मी १९९२ पासून नांदेडला मिक्सिंग केलं, आमच्याकडंही अमिगाच होता. तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून एकेरीत लिहितो.

पहिली गोष्ट आनंदाची. व्हीसीआरवर टायटल बसलं म्हणजे अमिगा जिवंत आहे, डबी जिवंत आहे, आणि दोन्ही पॅलची आहेत. पॅल म्हणजे आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत, एनटीएससी ही अमेरिकेकडची. रोग कॅमेऱ्याच्या बाजूनं येतोय. ती एचडीएमआयची नवी डबी हातात घे आणि तिच्या कडेला बघ. नखानं सरकवायचं बारीक बटण असेल, एका टोकाला पॅल, दुसऱ्याला एनटीएससी. माझी खात्री आहे ते एनटीएससीवर आहे.

तुझ्या वर्णनातच उत्तर होतं. पॅलच्या चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एनटीएससीत ५२५ ओळी आणि सेकंदाला २९.९७ चित्रं, त्याच्या ओळी होतात १५,७३४. ओळींचा वेग दोन्हीकडं जवळपास एकच, म्हणून आडवं धरल्यासारखं वाटतं. पण एक सेकंदाला ५० वेळा वरून सुरुवात करतो आणि दुसरा जवळपास ६० वेळा, म्हणून उभं पळत राहतं. कॅमेऱ्याच्या मेनूतही ५० ठेव, ६० नको.

आता अमिगा गोठला ते का, हे समजून घे, कारण हळदीच्या दिवशी हेच सांभाळायचं आहे. अमिगाचं सगळं काम एकाच ठोक्यावर, म्हणजे आतल्या क्लॉकवर, चालतं. पॅल मशीनचा तो ठोका २८.३७५१६ मेगाहर्ट्झचा. चित्राची एक ओळ म्हणजे बरोबर १,८१६ ठोके. भागून बघ, उत्तर १५,६२५ला अगदी चिकटून येतं. बनवणाऱ्यांनी मशीन टीव्हीच्या मापानं शिवलं होतं, आणि मागच्या २३ पिनांच्या सॉकेटमध्ये बाहेरचा ठोका आत घ्यायला एक पिन ठेवली. जेनलॉकची डबी आलेल्या चित्रातला सिंक, म्हणजे प्रत्येक ओळ आणि चित्र कुठं सुरू होतं त्याची खूण, बघते, आपला ठोका त्याच्याप्रमाणं किंचित पुढंमागं करते आणि तो अमिगाला देते. आडवा आणि उभा सिंकही तीच देते. म्हणजे त्या वेळी नुसतं चित्र नाही, अमिगाचा प्रोसेसरसुद्धा बाहेरच्या ठोक्यावर पळतो. भजनात मृदंगानं लय वाढवली की टाळकरी विचारत बसत नाही, हात आपोआप वाढतो, तसं. तू वायर उपटलीस, ठोका कोलमडला आणि मशीन उभं राहिलं. बिघाड नाही तो. २३ पिनांची ती केबल मात्र मशीन चालू असताना काढू-घालू नकोस, त्यानं चिप जाते.

अजून एक लक्षात घे. तुझ्या जोडणीत मालक कॅमेरा नाही, ती छोटी नवी डबी आहे. कॅमेऱ्याचं चित्र ती आपल्या मेमरीत घेते आणि स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे आतल्या ठोका देणाऱ्या भागावर, नव्यानं पॅल बनवून बाहेर सोडते. म्हणून तिची वीज एक क्षणही जाता कामा नये. तिचा यूएसबीचा चार्जर आणि अमिगा एकाच यूपीएसवर घे. कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची असेल तर आधी सरकपट्टी खाली आण, टायटल मिटव, मग बदल. काही डब्या आत चित्र नसलं की बाहेरचं पण तोडतात. तुझी तशी आहे का ते आजच तपास.

घरी जुळलंय का हे बघायला कॅमेराही लागत नाही. फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स असेल तर त्याची पिवळी पिन जेनलॉकला लाव. त्याचं चित्र एकदम स्थिर असतं. त्यावर टायटल दगडासारखं बसायला पाहिजे.

कॅसेटवर वरचा भाग वाकतो तो कॅसेटचा गुण आहे, तुझ्या मशीनचा नाही. व्हीसीआरचा ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो, दोन हेड आळीपाळीनं टेपवर फिरतात. टेप ताणलेली असते, जुनी असते, त्यामुळं प्रत्येक ओळ घड्याळाच्या काट्यावर येत नाही, आणि हेड बदललं की पहिल्या काही ओळी सावरायला वेळ घेतात. पूर्वी मोठ्या स्टुडिओत त्यासाठी टीबीसी नावाचं वेगळं मशीन असायचं. आमच्यासारख्याला ते परवडायचं नाही. पुढं पॅनासोनिकचा एमएक्स-५० मिक्सर आला, तो चित्र आधी स्वतःच्या मेमरीत धरायचा, तेव्हा आमचा हा ताप गेला. कॅसेट पॉजवर ठेवून टायटल टाकायचं नाही, हे मात्र आम्ही शेवटपर्यंत पाळलं.

आता अक्षरं. तू सावलीला नुसता काळा घेतलास. अमिगाच्या रंगपेटीतला ० नंबरचा रंग जेनलॉकला भोक म्हणून दिसतो, तो कुठलाही रंग असो. जिथं ० तिथं मागचं चित्र. तुझा काळा ० नंबरवर आहे. पेटीत दुसऱ्या एखाद्या नंबरवर काळा बनव आणि सावली त्यानं भर. डोळ्याला दोन्ही काळे एकच दिसतात, डबीला नाही.

शिरोरेषेवर मी तीन महिने डोकं फोडलं होतं, म्हणून ते नीट सांगतो. पॅलचं चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. प्रत्येक ओळ सेकंदाला २५ वेळाच उजळते. इंग्रजी अक्षरांत लांब आडवी रेघ फारशी येत नाही, एखाद्या टी किंवा ईपुरती. आपल्या लिपीत तर अख्ख्या शब्दावर आडवी रेघ. ती एकाच ओळीची काढलीस तर पूर्ण शब्दाचं छप्पर सेकंदाला २५ वेळा विझतं आणि पेटतं. ती कमीत कमी दोन ओळींची कर. मी चार घ्यायचो, आणि वरच्या व खालच्या कडेला अर्ध्या उजेडाचा रंग द्यायचो, पिवळ्याच्या कडेला मातकट पिवळा. मग डोळा शांत राहतो. अण्णांची फ्लॉपी डिलक्स पेंटमध्ये उघड आणि भिंग लावून मोज. त्यांनी हेच केलेलं असणार. सात रात्रींतल्या दोन त्या रेघेला गेल्या असतील.

लाल रंग टाळ. या पिवळ्या वायरीवरून लाल पसरतो, वेलांटीचं टोक शेजारच्या अक्षरात घुसतं. पिवळा किंवा पांढरा घे, काळ्या सावलीवर.

सेलूचा टाळकरी

विषय थोडा वेगळा आहे, पण तालाचाच, म्हणून इथंच विचारतो. आम्ही गावच्या सप्ताहाचं कीर्तन युट्यूबवर लाईव्ह करतो. दोन कॅमेरे, एक स्विचर (कुठलं चित्र बाहेर जाईल ते निवडायचं यंत्र). लॅपटॉपवरून अभंगाची ओळ खाली सरकती देतो. कॅमेरे नितळ दिसतात, पण अभंगाची ओळ सरकताना झटके खाते. लॅपटॉप नवा आहे. लॅपटॉपला जेनलॉक लावता येतं का?

गुलमंडी

टाळकरी भाऊ, घरगुती लॅपटॉपला बाहेरचा सिंक घ्यायला वाटच ठेवलेली नसते. स्टुडिओसाठी एनव्हिडियाची क्वाड्रो नावाची ग्राफिक्स कार्डं असतात, त्यांना वेगळं सिंक कार्ड जोडून ते करतात. तुम्हाला त्याची गरज नाही. आजच्या स्विचरमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक इनपुटला स्वतःची मेमरी असते, तो आलेलं चित्र थोपवून आपल्या तालात घेतो.

झटका कुठून येतोय ते सांगतो. तुमचे कॅमेरे आणि स्विचर सेकंदाला ५० चित्रांवर असणार, आणि लॅपटॉप नेहमीप्रमाणे ६०वर. स्विचर सेकंदाला लॅपटॉपची १० चित्रं फेकतो, दर सहातलं एक. स्थिर पाटी असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण सरकत्या ओळीत ते फेकलेलं चित्र झटक्यासारखं दिसतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या एचडीएमआयला ५० हर्ट्झ निवडा. आणि ओळ सरकवण्याचा वेग असा ठेवा की प्रत्येक चित्राला ती पूर्ण पिक्सेलने पुढं जाईल, दोन किंवा तीन. दीड नको.

मांजराकाठ, तुमच्यासाठी एक राहिलं. आजचा कॅमेरा १६ः९ आहे, अमिगा ४ः३. मांडवातला टीव्ही चित्र ताणेल आणि अण्णांची अक्षरं एक तृतीयांश जाड होतील. टीव्हीच्या मेनूत ४ः३ ठेवून बघा.

सेलूचा टाळकरी

५० केलं. आज संध्याकाळी हरिपाठाला ओळ तेलासारखी सरकली. आभार.

मांजराकाठ

काका, बटण एनटीएससीवरच होतं. नखानं पॅलवर नेलं आणि टायटल बसलं. आधी फ्री डिशवर बघितलं, दूरदर्शनच्या बातम्यांवर ‘शुभविवाह’ उभं राहिलं, आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिथंच बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, अक्षरं फुगलीत, तुझ्या वडलांची अशी नव्हती. टीव्ही ४ः३ केला तेव्हा मान हलवली.

अण्णांची शिरोरेषा भिंगाखाली मोजली. पाच ओळी आहेत. मधल्या तीन पिवळ्या, वरची आणि खालची बदामी. शेवटच्या ‘ह’पाशी खालची बदामी ओळ एक ठिपका लवकर संपते, ते मुद्दाम की चुकून, कळलं नाही. मी पण पाच घेतल्या. आता थरथरत नाही. सावलीचा काळा ७ नंबरवर नेला.

माझी नवी डबी, चित्र गेलं की खरंच सिंक तोडते. म्हणून कॅमेरा आता बॅटरीवर नाही, अॅडाप्टरवर चालवणार, आणि अॅडाप्टर, डबी, अमिगा, तिन्ही एका यूपीएसवर. काल मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. टायटल हललं नाही.

वजिराबादचं मिक्सिंग

पाच ओळी. मला चारवर कधी समाधान नव्हतं, पाच सुचल्या नाहीत. ‘ह’पाशी तो ठिपका सोडलाय ते तिथून शेपटी वळते म्हणून. रेघ पूर्ण नेली असती तर सांधा जाड दिसला असता.

मांजराकाठ

हळद झाली. आईनं पट्टी सरकवली, जरा घाईनं सरकवली, पण टायटल उमटलं. मागं बसलेल्या दोन आत्यांनी ते ओळखलं आणि एकीनं आपल्या लग्नाचं साल सांगितलं. दुपारी लाईट दोनदा गेली, मशीन चाललं. ऊन होतं म्हणून अमिगाच्या मागं छोटा पंखा ठेवला होता.

गुलमंडी दादा, मंगळवारी फ्लॉपी घेऊन येतोय. दुकान किती वाजता उघडता?

गुलमंडी

साडेदहाला. फ्लॉपी कापडात गुंडाळून कडक डब्यात आणा, आणि गाडीत स्पीकरजवळ ठेवू नका. दोन प्रती काढू.